भिंतीवरचा पाऊस

मार्चचा पहिला रविवार. एसी धुवायला आलेल्या मुलाने इनडोअर युनिटला खालून प्लॅस्टिकचं जॅकेट बांधलं, त्याची नळी बादलीत सोडली आणि पंपाचं बटण दाबलं. आधी नुसतंच गढूळ पाणी आलं, पायपोस धुताना येतं तसं. मग त्याने फवाऱ्याचं तोंड आत वळवून ब्लोअरवर धरलं आणि बादलीत काळ्या गाळाच्या गुठळ्या पडायला लागल्या. आवाज ऐकून आई आतून आली. बादलीत वाकून बघितलं आणि पदर नाकाला लावला. "हे घरात होतं?"

"आजी, दीड वर्ष झालं ना हात लावून," तो म्हणाला.

खरंच झालं होतं. आदल्या वर्षी 'गार तर करतोय की' म्हणून मी सर्व्हिसिंग टाळलं होतं. फिल्टरच्या जाळ्या मात्र दर पंधरवड्याला नळाखाली धरत होतो आणि तेवढ्यावर स्वतःला जागरूक समजत होतो. मग एवढा गाळ आला कुठून? आणि हे वर्षातून करायचं तरी किती वेळा?

"दोनदा," पंप बंद न करताच उत्तर आलं. दोनदा म्हणण्यात त्याचा फायदाच होता, म्हणून मी हो-नाही काहीच बोललो नाही. पण ती बादली डोक्यातून जाईना. दहा वर्षं ज्या पेटीखाली झोपतोय, तिच्या आत काय चालतं हे आपल्याला माहीत नाही, याची लाज वाटली आणि मी वाचत सुटलो.

पहिला धक्का हा, की एसीत सतत काहीतरी उकळत असतं. चहाचं आधण उकळतं तसं खरंखुरं उकळणं. हल्लीच्या बहुतेक एसींमध्ये आर-३२ नावाचा वायू असतो. मोकळ्या हवेत तो उणे ५२ अंशांनाच उकळतो. पातळ तांब्याच्या नळीत, भोवतालच्या हवेच्या साधारण दहापट दाबाखाली त्याला कोंडलं, की तो पाच-दहा अंशांना उकळायला लागतो. आधणाला खालून जाळ लागतो, याला आपली खोली पुरते. पस्तीस अंशांची आपली हवा त्याच्या दृष्टीने चूलच आहे. खोलीतली उष्णता पिऊन त्याची वाफ होते, ती वाफ कॉम्प्रेसर तीसेक पट दाबापर्यंत दाबतो, बाहेरच्या युनिटमध्ये तिचं पुन्हा पाणी होतं आणि प्यायलेली सगळी उष्णता ती तिथे ओकते. पाणी म्हणजे अर्थात द्रव, पण मेकॅनिक लोक जे म्हणतात तेच मीही म्हणतो.

तीसपट दाब म्हणजे किती? समुद्रात जवळजवळ ३०० मीटर खाली गेल्यावर असतो तितका. गॅलरीत वाळत घातलेल्या टॉवेलांशेजारी एक पेटी तो दाब बोटाएवढ्या जाड नळ्यांमध्ये सांभाळत उभी असते. आणि यासाठी लागणारा वायू किती? दीड टनाच्या एसीला साधारण पाऊण किलो. मी कागदावर हिशेब मांडला. एसी पूर्ण जोरात चालला, तर हा पाऊण किलो वायू अर्ध्या-पाऊण मिनिटात एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. म्हणजे आपण रात्री झोपून सकाळी उठेपर्यंत त्याच्या सात-आठशे फेऱ्या झालेल्या असतात. आत, बाहेर, उकळ, गोठ नव्हे पण निव, पुन्हा आत.

यात धूळ कुठेच नाही. नळी बंद आहे, आतला वायू आणि बाहेरची हवा एकमेकांना कधी भेटत नाहीत. भेट होते ती फक्त ॲल्युमिनिअमच्या पात्यांच्या आडून. तांब्याच्या नळ्यांवर शेकडो पाती बसवलेली असतात, प्रत्येक जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड, दोन पात्यांमध्ये फट मिलिमीटर-दीड मिलिमीटरची. त्यालाच कूलिंग कॉइल म्हणतात. त्या फटींमधून पंखा खोलीची हवा ओढतो, आणि इथे पाऊस सुरू होतो.

फ्रिजमधून काढलेलं ताकाचं भांडं ओट्यावर ठेवलं की बाहेरून घामेजतं. कॉइलचं तेच होतं. जूनमध्ये मुंबई-ठाण्याची हवा पंचवीस-सव्वीस अंशांपर्यंत निवली तरी तिला दव सुटायला लागतं, आणि कॉइल असते दहा-बारा अंशांवर. मग हवेतली वाफ पात्यांवर थेंब होऊन बसते, थेंब ओघळतात, खालच्या ट्रेमध्ये जमतात आणि ड्रेन पाइपमधून बाहेर पडतात. दमट दिवसांत दीड टनाचा एसी तासाला दीड-दोन लिटर पाणी सहज गाळतो. रात्रभरात एक घागर. आपल्या डोक्यावर, भिंतीवर, रात्रभर पाऊस पडत असतो आणि आपण खाली पांघरूण घेऊन झोपलेलो असतो.

या पावसाची किंमतही मोठी आहे. वाफेचं एक लिटर पाणी करायला जेवढी उष्णता उपसावी लागते, तेवढ्याच कष्टात माझ्या खोलीसारख्या सहा खोल्यांची कोरडी हवा दहा अंशांनी गार झाली असती. म्हणून जूनमध्ये एसी आकड्यावर यायला वेळ लावतो आणि आपण त्याला नावं ठेवतो. तो बिचारा थर्मामीटरवर न दिसणारं काम करत असतो.

खरं तर हेच काम त्याचं मूळ काम. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्याची तक्रार होती, की उन्हाळ्यात हवेतल्या ओलाव्याने कागद फुगतो, आक्रसतो आणि एकावर एक छापलेले रंग जागेवर बसत नाहीत. जुन्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठावर बाईच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर सरकलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको. विलिस कॅरिअर नावाच्या पंचवीस वर्षांच्या इंजिनिअरने त्यावर गार नळ्यांवरून हवा फिरवून तिचं पाणी काढून घेण्याची योजना आखली. माणसांना गार वाटावं हा हेतूच नव्हता. ते मागाहून आलं. एसीचा जन्म कागद कोरडा राहावा म्हणून झाला.

आता बादलीकडे परत येतो.

माझी खोली बारा बाय दहाची. दीड टनाचा एसी तासाला सातशे घनमीटर हवा सहज फिरवतो, म्हणजे खोलीतली सगळी हवा तासाला वीसेक वेळा त्या फटींमधून जाते. हवेबरोबर जे जे जातं त्याची यादी करायची तर: चादरींचे तंतू, आपल्याच कातडीचा भुगा, रस्त्यावरची धूळ, देवघरातल्या उदबत्तीची काजळी आणि फोडणीतून उडालेलं तेल. फिल्टरची जाळी मोठे तंतू आणि केस पकडते. बारीक माल तिच्या छिद्रांतून निवांत पार होतो, आणि पुढे त्याला भेटतात ती ओली पाती. कोरड्या पात्यांवरून धूळ पुढे सरकलीही असती. ओल्यावर ती चिकटते. वर तेलाचा हलका हात फिरला, की चिखल तयार. त्यात काळोख, ओलावा आणि खायला कातडीचा भुगा. बुरशीला आणखी काय हवं? ऑगस्टमध्ये एसी लावल्यावर पहिली दोन मिनिटं येणारा तो कुबट वास या बिऱ्हाडाचा असतो.

त्यामुळे जाळ्या धुणं म्हणजे घराचा उंबरठा पुसणं. ते करायलाच हवं, दर दोन आठवड्यांनी, आणि त्याला कुणा मेकॅनिकची गरज नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या सांगण्यानुसार तुंबलेला फिल्टर स्वच्छ केल्याने एसीची वीज ५ ते १५ टक्क्यांनी वाचू शकते. पाच मिनिटांच्या नळाखालच्या कामाला ही मजुरी वाईट नाही. पण उंबरठ्याच्या आतला गाळ, विशेषतः ब्लोअरवरचा, जाळीच्या आवाक्यातला नव्हे. ब्लोअर म्हणजे ते लांबलचक लाटणं, ज्याच्या अंगावर शेकडो छोटी वाकडी पाती असतात. हवा पकडून फेकायचं काम त्या पात्यांच्या बाकाचं. बाक गाळाने भरला की पातं सपाट होतं आणि पंखा तेवढाच फिरून निम्मी हवा फेकतो. तो काढून किंवा जागेवर जोरात धुवावा लागतो, आणि घरच्या घरी ओल्या फडक्याने ते जमत नाही. मी प्रयत्न केला आहे. फडकं आत अडकलं होतं.

गाळाचा सगळ्यात गमतीदार परिणाम मात्र बर्फ. पहिल्यांदा मे महिन्यात आमच्या इनडोअरमधून टपकन बर्फाचा तुकडा पलंगावर पडला, तेव्हा मला वाटलं, एसी फारच जोरात चालतोय. मी खूश झालो होतो. खरा प्रकार उलटा. फटी तुंबल्या की कॉइलवरून जाणारी हवा कमी होते. आतल्या उकळणाऱ्या वायूला चूल मिळत नाही, तो आणखी आणखी गार होत जातो, कॉइल शून्याखाली उतरते आणि पात्यांवरचा पाऊस तिथेच गोठतो. बर्फाने उरल्यासुरल्या फटी बुजतात, हवा आणखी घटते, बर्फ आणखी वाढतो. खोली तापत जाते आणि एसीच्या पोटात हिमालय. वायू कमी झाला तरी हेच दृश्य दिसतं, म्हणूनच 'गॅस भरावा लागेल' हे वाक्य इथे फार सोपेपणाने खपतं.

बर्फाचाच विषय निघाला म्हणून सांगतो, एसीचा 'टन' हा वजनाचा नाही हे बहुतेकांना माहीत असतं. तो कशाचा हे क्वचित. तो बर्फाचाच. यंत्रं यायच्या आधी गारवा विकत मिळायचा तो लाद्यांच्या रूपात. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समधल्या गोठलेल्या तळ्यांचा १८० टन बर्फ भुशात बांधून जहाजाने कलकत्त्याला धाडला, आणि चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडून त्यातला शंभरेक टन शाबूत पोचला. पुढे मुंबईतही असा बर्फ उतरला आणि त्यासाठी बर्फघर उभं राहिलं. यंत्रं आल्यावर त्यांची ताकद मोजायला तेच माप उरलं: २४ तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, ती उपसणारं यंत्र एक टनाचं. माझ्या भिंतीवर दीड टन आहे. म्हणजे पूर्ण दिवस चालला तर तेराशे साठ किलोच्या लाद्यांचं काम. हे सगळं मिलिमीटरभर फटींमधून.

आता गॅस. इथे माझा एक जुना राग आहे. लागोपाठ तीन उन्हाळे मी गॅस भरून घेतला आहे, तीन वेगवेगळ्या माणसांकडून, दर वेळी काही हजार रुपये मोजून. तिघांनीही 'काका, गॅस संपलाय' हे इतक्या सहज सांगितलं, की स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा तो संपतच असणार असं मी धरून चाललो. पण वर सांगितलेली प्रदक्षिणा आठवा. वायू जळत नाही, झिजत नाही, कुणी खात नाही. नळी शाबूत असेल तर दहा-बारा वर्षांनीही तो पाऊण किलोच राहील. कमी झाला याचा एकच अर्थ, कुठेतरी गळतंय. आणि गळती न शोधता भरलेला गॅस म्हणजे फुटक्या माठात ओतलेलं पाणी.

चौथ्या उन्हाळ्यात आलेल्या माणसाने पाच मिनिटांत ती शोधली. बाहेरच्या युनिटला जिथे नळ्या पितळी नटाने जोडतात, तिथे त्याने बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटाला तेल. वायूबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेलही सगळीकडे फिरत असतं. वायू निसटून दिसेनासा होतो, तेल मागे साक्षीला राहतं. त्याने साबणाचा फेस लावला, एक बुडबुडा हळूहळू फुगला. नळीचं तोंड कापून नवं बसवलं, नायट्रोजन भरून दाब टिकतो का पाहिलं, व्हॅक्यूम पंपाने नळ्या रिकाम्या केल्या आणि मग वजनकाट्यावर बाटली ठेवून मोजून वायू भरला. त्यानंतर गॅसचं नाव निघालेलं नाही. नुसता गेजकडे बघून 'झाला, बास' म्हणणाऱ्याला हल्ली मी वजनकाटा कुठे आहे असं विचारतो. उद्धटपणा वाटतो, पण आर-३२ काही प्रमाणात पेट घेणारा वायू आहे, त्याच्याशी अंदाजपंचे खेळू नये.

नट सैल नसतानाही तांबं गळतं, आणि ते का हे कळल्यावर मी थक्क झालो. लाकडी फर्निचर, गोंद, काही साफसफाईची द्रावणं यांतून फॉर्मिक आणि ॲसिटिक आम्लाची अगदी पुसट वाफ हवेत येते. ओलाव्यात विरघळून ती तांब्याच्या नळीत शिरते आणि डोळ्याला दिसणार नाहीत अशी वाकडीतिकडी भुयारं कोरते. नळी आडवी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर हुबेहूब मुंग्यांचं वारूळ दिसतं. धातुशास्त्रात या गंजाला नावच मुंग्यांच्या वारुळावरून पडलं आहे. योगायोग असा, की फॉर्मिक आम्लालाही नाव मुंगीवरूनच मिळालं आहे. लॅटिनमध्ये फॉर्मिका म्हणजे मुंगी.

खाडीकाठी किंवा नाल्याशेजारी राहणाऱ्यांचा शत्रू वेगळा. सांडपाण्यातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड, तोच तो कुजक्या अंड्याचा वास, तांब्याला काळं करून खात जातो. घरातले चांदीचे पैंजण कपाटात ठेवूनही भराभर काळे पडत असतील, तर एसीच्या कॉइलकडेही लक्ष असू द्यावं. दोन्हीवर हल्ला त्याच वायूचा. समुद्राजवळ मिठाची भर पडते. तांबं आणि ॲल्युमिनिअम एकमेकांना चिकटून असताना खारा ओलावा मिळाला की छोटीशी बॅटरीच तयार होते आणि तिच्यात ॲल्युमिनिअम झिजतं. मालवणकडच्या एका घरी बाहेरच्या युनिटची पाती मी बोटाने दाबली तर पापडासारखी चुरली.

बाहेरच्या युनिटविषयी खरं म्हणजे आपण बोलतच नाही, कारण ते दिसत नाही. आमच्या युनिटवर कबुतरांनी दोनदा संसार मांडला. मागच्या पात्यांवर पिसं आणि काड्यांचा पडदा झाला, की उष्णता ओकायला जागा उरत नाही, दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त वीज ओढून तेवढंच काम करतो. ते साफ करायला माणूस जिथे उभा राहतो ती जागा मात्र एकदा खाली वाकून बघावी. वीतभर छज्जा, गंजलेलं ग्रिल, सातवा मजला. कमरेला पट्टा नसेल तर मी आता काम करू देत नाही. मुलं हसतात, 'रोजचंच आहे काका' म्हणतात. हसू देत.

तर मग किती वेळा? मला आता वाटतं, महिने मोजण्याआधी आपल्या हवेत पाणी किती, माती किती आणि मीठ किती ते बघावं. नागपूरच्या मे महिन्यात एसीतून पाणी जेमतेम येतं. तिथे चिखल होत नाही, धूळ मात्र रग्गड. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर नीट सर्व्हिसिंग आणि आठवड्याला जाळ्या, एवढं तिथे पुरतं. मुंबई, ठाणे, कोकण किंवा गोव्यात, जिथे एसी वर्षाचे आठ-नऊ महिने गाळतच असतो, तिथे दोनदा: एक फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि दुसरं पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर हीटच्या आधी. दुसरं लोक टाळतात, आणि माझ्या मते तेच जास्त गरजेचं आहे, कारण बुरशीचं पीक त्या वेळी कापणीला आलेलं असतं. रस्त्याला लागून घर, घरात मांजर-कुत्रा, किंवा एसी स्वयंपाकघराच्या समोर असेल तर तिसऱ्यांदाही पैसे वाया जात नाहीत. वर्षातून पंधरा दिवस लावता, पाहुण्यांच्या खोलीत? तरी एकदा. बंद एसीत पाली आणि झुरळं फार सुखाने राहतात, आणि पीसीबीवर चढलेली एक पाल सर्किटसकट स्वतःचाही निकाल लावते.

तो मुलगा दोनदा म्हणाला होता. ठाण्यासाठी त्याचं बरोबर होतं, हे कबूल करायला मला तीन आठवड्यांचं वाचन लागलं.

धुण्याच्या पद्धतीवर मात्र नजर ठेवावी. फवारा पात्यांच्या उभ्या रेषेत धरायचा. तिरका धरला तर ती मऊ पाती एकमेकांवर आडवी होतात आणि साफ केलेली फट कायमची बंद. कुणी बाटलीतलं जहाल ॲसिड मारून कॉइल चांदीसारखी चकचकीत करून दाखवली तर खूश होऊ नये. तो चकचकाट म्हणजे खरवडलेलं ॲल्युमिनिअम असतं. आणि आमच्या शेजारी एक काका एसीचं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे, डिस्टिल्ड वॉटर फुकट मिळतंय म्हणून. वाफेचं पाणी होतं तेव्हा ते शुद्धच असतं, पण ट्रेपर्यंत येताना त्याने तो सगळा चिखल, तांबं आणि ॲल्युमिनिअम चाटलेलं असतं. झाडांना चालेल, फरशी पुसायला चालेल. बॅटरीला नको.

त्या रविवारी मुलाने जॅकेट सोडलं, पाती कोरडी होईपर्यंत नुसता पंखा लावला, मग ड्रेन पाइपमध्ये फुंकर मारून एक शेवटचा गिळगिळीत गोळा बाहेर काढला. माझ्याकडचा स्वयंपाकघरातला थर्मामीटर घेऊन आत जाणारी हवा आणि बाहेर येणारी हवा मोजली. अकरा अंशांचा फरक. आठ ते बाराच्या मध्ये असला की ठीक, असं तो म्हणाला. आईने बादली मोरीत ओतायच्या आधी शेजारच्या काकूंना बोलावून दाखवली.

मग आम्ही तिघं उगाचच गॅलरीत जाऊन उभे राहिलो. पाइपचं तोंड तुळशीच्या कुंडीत सोडलेलं आहे. पाच मिनिटं काही नाही, सात मिनिटं काही नाही. मुलाला पुढच्या इमारतीत जायचं होतं, पण तोही थांबला. पाइपच्या कडेला एक थेंब जमला, लोंबला आणि मातीत पडला.

"आला," आई म्हणाली.